कोकणात स्विमिंग पूलवाला मोठा व्हिला भाड्याने घेतलाय का कुणी? सातारा-सांगलीकरांनो, खरे अनुभव सांगा

साताऱ्याहून

येत्या 12 मेला आई-दादांच्या लग्नाला 50 वर्षं होतायत. भाऊ म्हणतोय हॉलबिल नको, सगळे मिळून समुद्राजवळ एखादा मोठा व्हिला घेऊ, पूल असलेला, दोन रात्री. आम्ही 21 जण, त्यात 2 ते 9 वर्षांची पाच पोरं आणि सत्तरीपुढची चार माणसं. फोटो बघून बघून डोळे फिरलेत, सगळीकडे तोच निळा पूल, तोच पांढरा सोफा आणि पाण्यावर तरंगणारं तेच नाश्त्याचं ताट. गुहागर, दापोली की अलिबाग तेही ठरत नाहीये. जे जाऊन आलेत त्यांनी लिहा ना, घाट, जेवण, पैसे, काय फसलं, काय आवडलं, सगळं. पुण्यामुंबईवाल्यांचं पुष्कळ वाचलं, पण त्यांना नाश्त्याला ब्रेड-बटर चालतं, आमच्या दादांना नाही चालत.

कराडहून

आम्ही 16 जण जानेवारीत गुहागरकडे गेलेलो. पाटण, कोयनानगर, हेळवाक आणि मग कुंभार्ली उतरून चिपळूण. घाटात दोन पोरांनी आणि एका जावईबापूंनी ओकाऱ्या काढल्या, ते सोडा. खरी मजा व्हिलापाशी. 17 सीटर ट्रॅव्हलर गल्लीत शिरेचना! दोन्ही बाजूला चिऱ्याचे गडगे, मधून जेमतेम रिक्षा जाईल एवढी वाट, आणि शेवटचा तुकडा तर पाखाडी, म्हणजे पायऱ्याच. बॅगा, कुकर, पाण्याचे जार, आणि नव्वदीची आजी, सगळं उचलून नेलं. त्यामुळे बुकिंग करताना पहिला प्रश्न हाच विचारा की मोठी गाडी दारापर्यंत येते का, आणि नुसतं हो म्हणाले तर वाटेचा व्हिडिओ मागवा.

पैसे सांगतो. मधल्या वारी गेलो म्हणून रात्रीचे 22,000, दोन रात्रीचे 44,000. जेवण माणशी दिवसाला 1100, ते झाले 35,200. ट्रॅव्हलर 21,000. म्हणजे डोकी सव्वासहा हजार. शनिवार-रविवारी हाच व्हिला 34,000 सांगत होते.

आणि पूल. पहिल्या दिवशी बरा होता. रात्री पाणी कमी झालं म्हणून बोअरचं सोडलं, वर क्लोरीन टाकलं, सकाळी बघतो तर अख्खा पूल चहासारखा. आम्ही भांडायच्या तयारीत, तर केअरटेकर काका म्हणाले घाण नाही हो ती, लाल मातीतलं लोह आहे, बोअरच्या पाण्यात दिसत नाही पण क्लोरीन पडलं की गंजासारखा रंग धरतं. दुपारपर्यंत फिल्टर चालवून ठीक केला बिचाऱ्यांनी. पोरं तोवर समुद्रावर होती आणि खरं सांगू का, संध्याकाळी पूलकडे कुणी फिरकलंसुद्धा नाही.

सांगली, विश्रामबाग

माझा अनुभव व्हिलाचा नाहीच, कारण व्हिलाच नव्हता. 🙏 दिवाळीच्या सुट्टीसाठी इन्स्टावर एक पेज सापडलं, पाच बेडरूम, समोर समुद्र, रात्रीचे फक्त 12,000. फोनवर माणूस इतका गोड की काय सांगू, "ताई तुमच्यासाठी होल्ड केलाय, अजून दोन पार्टी मागे लागल्यात". दोन रात्रींचे निम्मे पैसे, 12,000, लगेच यूपीआयने पाठवले. नंतर लोकेशन मागितलं तर उद्या देतो, परवा देतो. मग भाच्याने फोटो गुगल लेन्सवर टाकले तर तो बंगला निघाला भलत्याच देशातला. पळत 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, तक्रार नोंदवली, पण मधे चार दिवस गेले होते. हा नंबर लक्षात ठेवा आणि असं झालं तर घरच्यांना काय सांगू याचा विचार करत बसू नका, जेवढ्या लवकर फोन जाईल तेवढी पैसे पुढे सरकायच्या आत अडवले जायची शक्यता. मी लाजेपायी ते चार दिवस घालवले.

आता आमचा नियम, बुकिंगआधी मालकाने व्हिडिओ कॉलवर गेटपासून पूलपर्यंत चालत दाखवायचं. रेकॉर्ड केलेला नको, लाईव्ह.

तासगावहून

आमचं जरा येगळंच झालं. आमी सगळे भाऊ हिरीत शिकल्यालो, पाठीला पांगऱ्याच्या हलक्या, तरंगणाऱ्या लाकडाचा बिंडा बांधून आज्ज्यानं वरनं ढकलून दिल्यालं. मग पूल बघितला की अंगात येतंयच ओ. पोचल्या पोचल्या थोरल्यानं कठड्यावरनं झ्याक सूर मारला. हिरीत तीस-चाळीस फूट पाणी असतंय, हितं चार फूट! कपाळ तळाला लागलं, टाइल निसती लाल. आठ टाके पडले, मान वाचली ही दैवाची किरपा, डॉक्टर म्हणालं दोन इंच इकडं तिकडं झालं असतं तर आयुष्यभर अंथरुणात. ट्रिप तितंच संपली. पाटी होती बरं का, चार फूट, सूर मारू नये म्हणून, पण पाटी वाचायला कोण थांबतंय.

तर तुमच्यात जर कोण हिरीतलं पोहणारं आसल तर त्याला आधी पाण्यात उभं करून दावा किती पाणी हाय ते. गुडघं पोटाशी घिऊन मारत्यात त्यो मुटका बी नको. आणि दारू पिऊन तर पाण्यात पायच नको.

साताऱ्याहून (धागा काढणारी)

बापरे! आमचे दादा माहुलीच्या संगमावर पोहायला शिकलेले, 74 वय, आणि त्यांचा हट्ट आहे की सूर मारून दाखवणार. हे वाचून दाखवते.

मिरजेहून

बायकांच्या बाजूने कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. सुट्टी कुणाची हे आधी ठरवा. पहिल्या वेळी आम्ही स्वयंपाकघर वापरायला मिळतं म्हणून खूश, त्याचे 1500 वेगळे भरले, आणि गेल्यावर 18 माणसांचा चहा, पोहे, पुन्हा चहा, दुपारची भाजी... मी आणि जाऊबाईंनी समुद्र खिडकीतून बघितला. गॅसवर दोनच बर्नर, सगळ्यात मोठं पातेलं पाच माणसांचं. दुसऱ्या वेळी मी सांगून टाकलं, जेवण तिथलंच, नाहीतर मी येत नाही. गावातल्या एक काकू यायच्या, तांदळाची भाकरी, तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं, सुरमई, सोलकढी, शाकाहारी लोकांना वालाचं बिरडं. फक्त आपल्याकडच्यांना ते तिखट लागत नाही, म्हणून घरची कांदा-लसूण चटणी मोठी बरणी भरून न्या. भडंग तर नेताच तुम्ही, सांगायला नको.

दुसरं कपड्यांचं. बऱ्याच ठिकाणी सुती कपड्यांनी पूलमध्ये उतरू देत नाहीत, धागे आणि रंग सुटून फिल्टरमध्ये जातात म्हणून. आम्हाला तिथे गेल्यावर कळलं आणि तिथे भाड्याचे नायलॉनचे घ्यायचे, कुणी घातलेले कुणास ठाऊक. मिरजेतूनच पूर्ण बाह्यांचे आणि पायघोळ मिळतात ते घेऊन जा, कुणाला लाजायला नको. सासूबाईंनी नऊवारी जरा वर घेऊन पायरीवर पाय सोडले आणि तीन तास हलल्या नाहीत. तेवढ्यासाठी पैसे वसूल झाले असं मला वाटतं.

फलटणहून

ओडोमॉस. दोन ट्यूब. बाकी सगळं छान.

वाईहून

सगळं वाचलं. 20-22 हजार रात्रीला देऊन चार फूट पाण्यात बसायचं? आम्ही कोकणात घरगुती ठिकाणी तीन खोल्या घेतो, ओटीवर गप्पा, केळीच्या पानावर जेवण, पाच हजारात सगळं. पोहायचं तर आमच्याकडे धोम आहे की. असो, ज्याची त्याची हौस.

सातारा, शाहूपुरी

वाईकर, तीन खोल्यांत 21 माणसं कशी मावणार ते पण सांगा 😀

आम्ही अलिबागला नागावमध्ये. साताऱ्याहून पुणे, एक्स्प्रेसवे, खोपोली, पेण, वडखळ, साडेसहा तास लागले, पेणच्या पुढे गर्दी. व्हिला एक नंबर होता पण डिपॉझिट 15,000 घेतलेलं त्यातले 6,000 कापले, सोफ्यावर डाग आणि एक टाइल फुटली म्हणून. टाइल आधीपासून फुटलेली होती, पण पुरावा काय? आता आत पाय टाकल्या टाकल्या मी मोबाइल काढून खोली खोली फिरतो, गाद्या, टीव्ही, गीझर, पूलची टाइल, सगळ्याचा व्हिडिओ, आणि तो तिथूनच केअरटेकरला पाठवतो. जीएसटीचं पण आधीच विचारा. एका रात्रीचं भाडं साडेसात हजाराच्या वर असेल तर 18 टक्के लागतो, आम्हाला तो शेवटी दाखवला.

आणि रात्री दहानंतर स्पीकर बंद म्हणजे बंद. आमच्या मेव्हण्यांनी ऐकलं नाही, सव्वादहाला शेजारचे आजोबा काठी घेऊन गेटवर उभे. त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही, दर शनिवारी नवीन लोक नवीन डीजे.

मूळची पाटणची, आता दापोलीजवळ

मी दुसऱ्या बाजूची आहे. 😊 आमच्या घरचाच एक व्हिला आहे, त्यामुळे थोडी शिवी खायच्या तयारीने लिहिते.

धागा काढणाऱ्या ताई, मे महिना म्हणताय म्हणून खास सांगते. आमचा पूल 30 बाय 15 फूट, चार फूट खोल, म्हणजे साधारण 51,000 लिटर पाणी. मे मध्ये इथे विहिरी तळाला जातात, गावात प्यायला टँकर येतो आणि आम्ही पूल भरायला दहा हजार लिटरचे पाच टँकर मागवायचे? लोक बघतात ओ. म्हणून उन्हाळ्यात पाणी बदलत नाही, तेच फिल्टर करून वापरतो, वर्षभर तेच करतात सगळे, पण मे मध्ये माणसंही जास्त आणि ऊनही जास्त. उन्हाने क्लोरीन उडून जातं, त्यामुळे ते संध्याकाळी टाकायचं असतं. क्लोरीन 1 ते 3 पीपीएम, म्हणजे लिटरला तेवढे मिलिग्रॅम, आणि पीएच 7.2 ते 7.8 हवा. टेस्ट किट आमच्याकडे असतं, पाहुण्यांनी मागितलं तर दाखवायला लाज कसली. आणि एक गंमत, पूलला औषधाचा उग्र वास आला की लोक म्हणतात क्लोरीन जास्त झालं. उलट असतं बऱ्याचदा. घाम आणि, माफ करा, पोरांची शू, याच्याशी क्लोरीनचा संयोग झाला की तो वास येतो. आधी शॉवर घ्या म्हणतो ते त्याच्यासाठी, नखरे म्हणून नाही.

लाइफगार्ड आमच्याकडे नाही, आजूबाजूलाही मी कुठे बघितला नाही. 2 वर्षांचं पोर आहे ना तुमच्यात? मग पूलला कुंपण किंवा कडीचं दार आहे का ते विचाराच. आमच्याकडे आधी नव्हतं. एका दुपारी जेवणाच्या गडबडीत तीन वर्षांची मुलगी पाण्यात गेली, आवाज नाही, ओरडणं नाही, काही नाही. आमच्या माळीदादांनी बघितलं म्हणून निभावलं. सगळी मोठी माणसं दहा फुटांवर होती, प्रत्येकाला वाटत होतं दुसरा बघतोय. पुढच्याच आठवड्यात जाळी मारून घेतली. तुम्ही पाळी लावा, अर्ध्या अर्ध्या तासाची, ज्याची पाळी त्याच्या हातात मोबाइल नाही.

तक्रार एकच आमची, आठ सांगून चौदा येऊ नका. पाणी, गाद्या, सेप्टिक टँक सगळं मोजून असतं. निसर्ग वादळात, 3 जून 2020 ला, आमच्या नारळी-पोफळी आडव्या झाल्या, बागेचं उत्पन्न गेलं म्हणून हा व्हिला उभा केला, हौस म्हणून नाही.

सांगली, गावभाग

पूलचं झालं, समुद्राचं सांगतो. "बीच 5 मिनिटं" म्हणजे गाडीने की पायी ते विचारा. आणि गाडी वाळूवर घालू नका, आमच्या शेजाऱ्यांनी घातली, फोटो काढेस्तोवर भरती आली, ट्रॅक्टर आणून ओढली, तीन हजार गेले आणि इंजिनात खारं पाणी ते वेगळंच. आम्ही सांगलीकर, आयर्विन पुलाखाली पाणी किती फुटावर आलंय ते झोपेत विचारलं तरी सांगू, पण कृष्णा अशी दिवसातनं दोनदा चढत-उतरत नाही ना. तिथल्या केअरटेकरनी सोपा हिशोब शिकवला. तिथीची पाऊणपट करायची, ती साधारण भरतीची वेळ. अष्टमीला सहा वाजता भरती, म्हणजे बाराच्या सुमारास ओहोटी. रोज पाऊण तास, पन्नास मिनिटं पुढे सरकतं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा पोरांना घोट्याच्या वर जाऊ द्यायचं नाही.

कोल्हापूरवरनं आंबा घाट उतरून रत्नागिरी हा रस्ता पण बघा, तुम्हाला साताऱ्याहून लांब पडेल पण सांगलीकरांना बरा.

साताऱ्याहून (धागा काढणारी)

सगळ्यांना खूप खूप धन्यवाद, एवढं लिहाल असं वाटलं नव्हतं. काल रात्री घरी सगळं मोठ्यांदा वाचून दाखवलं. टँकरचं ऐकल्यावर आई म्हणाली मे मध्ये नको, गावाला प्यायला पाणी नाही आणि आपण डुंबायचं, मला नाही गोड लागायचं. तर 12 मेला घरीच पूजा आणि पुरणपोळीचं जेवण, आणि व्हिला त्याआधी फेब्रुवारीत, मधल्या वारी, गुहागरकडे. पोरांची शाळा दोन दिवस बुडेल, बुडू दे. दापोलीच्या ताई, तुम्हाला मेसेज करते, तुमच्याकडे 21 खरंच मावत असतील तर गुहागर रद्द. वाईकर, तुम्ही पण या जेवायला, पुरणपोळीला पूल लागत नाही.

जेवण तिथलंच, जावांचं एकमत झालंय. पाळ्यांचा कागद भावाने आत्ताच केला, पहिली पाळी स्वतःची सोडून सगळ्यांची लावलीय.

दादांनी तासगावकरांचं दोनदा वाचायला लावलं. सूर मारणार नाही म्हणाले, पण धाकट्या नातवाला पोहायला तेच शिकवणार आणि ते फुग्याचे दंडावरचे पट्टे त्यांना नकोत. तासगावकर, पांगऱ्याचा बिंडा तुमच्याकडं अजून मिळतो का कुठं?