बाबांचं ईएफ २८, तीन स्टेंट सांगितलेत, लगेच करायचे का?

भांडुपकर: नमस्कार मंडळी. बाबा ६८ वर्षांचे, बेस्टमधून रिटायर. मागच्या महिन्यात स्टेशनचा जिना चढताना दम लागायला लागला, मग रात्री आडवं पडता येईना, दोन-तीन उशा लावून बसूनच झोपायचे, पाय पण सुजले. टूडी इकोत (हृदयाची सोनोग्राफी) ईएफ, म्हणजे हृदय दर ठोक्याला आतलं किती रक्त बाहेर ढकलतं ते, २८ टक्के. अँजिओग्राफीत तिन्ही नसांना ब्लॉकेज. गंमत म्हणजे छातीत कधीच दुखलं नाही, अॅटॅकही नाही. हॉस्पिटलवाल्यांनी (नाव घेत नाही) अँजिओच्या टेबलावरूनच विचारलं, आत्ताच टाकून घेऊ का स्टेंट? मी घाबरून दोन दिवस मागून घेतले. आई म्हणते मोरी तुंबली की काढायलाच लागते ना. मलाही तसंच वाटतंय. कोणाला अनुभव आहे का?

कॅथलॅबवाली: डॉक्टर नाहीये हां, पण कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओ-स्टेंट करतात त्या खोलीत, टेक्निशियन म्हणून बरीच वर्षं काढलीत. दादा, थांबलात ते बरं केलंत. अॅटॅक चालू असताना नस उघडणं ही वेगळी गोष्ट, तिथे मिनिटं मोजतात. तुमच्या बाबांसारख्या पेशंटवर ब्रिटनमध्ये रिव्हाइव्ह्ड नावाची स्टडी झाली, २०२२ ला रिझल्ट आला. ७०० पेशंट, सगळ्यांचं ईएफ ३५ किंवा त्याखाली, भरपूर ब्लॉकेज, आणि हृदयाचा स्नायू अजून जिवंत आहे असं टेस्टमध्ये दिसलेलं. निम्म्यांना औषधं अधिक स्टेंट, निम्म्यांना नुसती औषधं. जवळजवळ साडेतीन वर्षांनी बघितलं तर मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरमुळे (हृदयाचा पंप कमी पडल्यामुळे) अॅडमिट होणं, स्टेंटवाल्यांत ३७ टक्के, नुसत्या औषधवाल्यांत ३८. ईएफही स्टेंटमुळे जास्त वाढलं नाही. सुरुवातीला स्टेंटवाल्यांना जरा बरं वाटत होतं, दोन वर्षांत तो फरकही गेला. मोरी साफ झाली तरी पंप दमलेला तो दमलेलाच राहतो, आईंना असं सांगा.

लालबागचा बंड्या: असं सरसकट नका सांगू ओ ताई, लोक घाबरून स्टेंट टाळतात. माझ्या मामाला चार पावलं चालला की छाती भरून यायची, स्टेंट टाकले, आता रोज शिवाजी पार्कला फेऱ्या मारतो.

कॅथलॅबवाली: बंड्या, मामाला दुखत होतं ना, मग बरोबरच केलं. दुखणं औषधांनी जात नसेल तर स्टेंटने आराम पडतोच, आणि त्या स्टडीत खूप अंजायना (हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखणं) असलेले पेशंट घेतलेच नव्हते. मी छातीत न दुखणाऱ्यांबद्दल बोलतेय. आणि भांडुपकर, तिन्ही नसा आहेत म्हणजे बायपासचं पण विचारा. अशाच कमी ईएफवाल्यांवरच्या स्टिच नावाच्या स्टडीत दहा वर्षांनी बायपासवाल्यांत ५९ टक्के वारले होते, नुसत्या औषधवाल्यांत ६६, म्हणजे फायदा आहे पण तो उशिरा दिसतो आणि ऑपरेशनचा धोका पहिल्या महिन्यातच भोगावा लागतो, त्यामुळे किडनी, शुगर, वय सगळं बघून ठरवतात. अँजिओची सीडी घेऊन दुसऱ्या डॉक्टरकडे जा, आणि फक्त स्टेंट टाकणाऱ्याकडे नको, सर्जन पण बघेल अशा ठिकाणी.

भांडुपकर: अपडेट, दीड महिन्याने. सीडी घेऊन केईएमच्या ओपीडीत गेलो, सकाळी सातला लाइनीत. तिथल्या डॉक्टरांनी पहिलं विचारलं की औषधं कुठली चालू आहेत, तर आमच्याकडे लघवीची गोळी आणि अॅस्पिरिन, बस्स. आता चार प्रकारच्या गोळ्या चालू केल्यात, सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन, बीटा ब्लॉकर, स्पायरोनोलॅक्टोन, डापाग्लिफ्लोझिन, डोस हळूहळू वाढवतायत, मधेमधे रक्त तपासून पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (किडनीसाठी) बघतात. तीन महिन्यांनी परत इको, तेव्हाही ईएफ ३५ च्या वर नाही गेलं तर ठोके बिघडले तर आतून शॉक देणाऱ्या, छातीत बसवायच्या मशीनचं (आयसीडी) बोलू म्हणाले. बायपासचा विषय बंद केलेला नाही, सर्जनची अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्यात.

बाबा रोज सकाळी वजन करून जुन्या ड्युटीच्या डायरीत लिहितात. परवा दोन दिवसांत दीड किलो वाढलेलं दिसलं, म्हणजे अंगात पाणी साठतंय, सगळे घाबरलो. विचारल्यावर कळलं की काकूने रत्नागिरीहून पाठवलेलं लोणचं लपूनछपून चालू होतं, त्यातल्या मिठाने पाणी धरलं. बरणी आता शेजारच्यांकडे आहे आणि बाबा माझ्याशी बोलत नाहीयेत, पण झोपतात एकाच उशीवर.