ब्लश: पावडर, क्रीम की लिक्विड? (गालावरचे चट्टे घेऊन आले आहे)

घाईगर्दी

नमस्कार मंडळी,

आधी माझी परिस्थिती सांगते, म्हणजे "त्वचा कशी आहे?" हा प्रश्न वाचेल. वय ४३. गाल कोरडे, कपाळ आणि नाक तेलकट. रंग सावळा. सकाळी चेहऱ्यासाठी सात मिनिटं मिळतात, काजळ-लिपस्टिक धरून. क्रम ठरलेला: मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, डोळ्यांखाली कन्सीलर, मग सगळीकडे कॉम्पॅक्टचा हात आणि शेवटी ब्लश.

ब्लश म्हणजे कित्येक वर्षं एकच पावडरची डबी, गाजरी रंगाची. मधोमध पत्रा दिसायला लागला तरी कडेकडेनं खरवडून वापरत होते. पण गेल्या वर्षभरात असं व्हायला लागलंय की रंग गालावर बसतच नाही, गालावरच्या लवीवर बसतो. खिडकीपाशी आरसा धरला तर एकेक केस मोजता येईल. आणि हसले की डोळ्यांच्या कडेला रेघांमधून रंग साचलेला.

म्हणून लिक्विड आणला. पहिल्या दिवशी कॉम्पॅक्टवर तीन ठिपके दिले, बोटानं पसरवायला गेले, तर खालचा कॉम्पॅक्टच उचलला गेला. मधे टक्कल, भोवती गुलाबी कडं. दुसऱ्या दिवशी कॉम्पॅक्ट अगदी पातळ लावला, दोन्ही गालांवर ठिपके दिले आणि डावा गाल निवांत पसरवत बसले. उजव्याकडे वळेपर्यंत तिथले ठिपके वाळून घट्ट. एक गाल लाजलेला, दुसऱ्यावर कुणीतरी थोबाडीत मारलेली. तिसऱ्या दिवशी घाबरत एवढासाच लावला, तो दुपारपर्यंत गायब. चौथ्या दिवशी हात जरा सैल सुटला तर मुलगी म्हणते, "आई, ताप आलाय का तुला?"

तर प्रश्न असा, की लिक्विड मला मानवतच नाही, की माझं काही चुकतंय? क्रीम घेऊ? स्टिक? ते पाण्यासारखे टिंट असतात ते? तरुण दिसायचे सल्ले नकोत. आजारी दिसले नाही तरी पुष्कळ.

नितळ

स्टिक घे, डोळे झाकून. गालावर दोन रेघा ओढायच्या, बोटानं पुसायच्या, संपलं. मी लिफ्टमध्ये लावते, आरशाशिवाय. ताप आल्याचं अजून कुणी म्हणालेलं नाही.

रंगपेटी

घाईगर्दी, तुमच्या लिक्विडचा काही दोष नाही. तो चुकीच्या जागी बसवलाय.

मी १४ वर्षं रंगमंचासाठी आणि कॅमेऱ्यासाठी चेहरे रंगवते. ब्लशबद्दल विचारलं की सगळे त्वचेचा प्रकार विचारतात, कोरडी की तेलकट. मी आधी विचारते, ब्लशच्या खाली काय आहे? कारण ब्लश त्वचेवर बसतच नाही हो, तो तुमच्या आधीच्या थरावर बसतो. तुमच्या बाबतीत तो थर कॉम्पॅक्टचा. सुट्या भुकटीवर ओला ठिपका पडला की भुकटी त्या ओलाव्यात गोळा होते आणि बोटाबरोबर निघून येते. ते तुमचं टक्कल. उलटी चूकही होते. सनस्क्रीन अजून चिकट असताना वर पावडर ब्लश मारला तर ब्रश पहिल्यांदा जिथे टेकतो तिथेच रंग धरून बसतो, मग कितीही घासा. म्हणून ओली कामं आधी उरकायची, भुकटीची मागून.

आता वाळण्याचं. बऱ्याच लिक्विड ब्लशमध्ये उडून जाणारं सिलिकोन किंवा आयसोडोडेकेन असतं. ते उडालं की मागे रंगाचा पातळ पापुद्रा राहतो आणि मग तो हलत नाही. टिकायला हे उत्तम, रमतगमत लावणाऱ्याला नाही. एक गाल पूर्ण झाल्याशिवाय दुसऱ्यावर ठिपका द्यायचा नाही. खरं तर गालावर ठिपका द्यायचाच नाही. हाताच्या पाठीवर एक थेंब घ्या, तिथे बोटानं किंवा ब्रशनं तो अर्धा मारा आणि मग गालावर थोपटा. पसरवायचं नाही, थोपटायचं. घासलं की खालचं सनस्क्रीनही सरकतं आणि त्याचा पापुद्रा फाटतो, हे नुकसान आरशात दिसत नाही. नितळ, म्हणून तुमच्या त्या दोन रेघा मला पटत नाहीत. स्टिक बोटावर घासा आणि बोट गालाला लावा. लिफ्ट चालेल.

क्रीम आणि स्टिक म्हणजे मुख्यतः मेण, तेल आणि रंग. बोटाच्या उबेनं मऊ होतात, चूक दुरुस्त करायला भरपूर वेळ देतात, कोरड्या गालावर छान मुरतात. पण पुष्कळ क्रीम पुरते वाळत नाहीत, त्यामुळे तेलकट जागी दोन-तीन तासांत सरकतात. तुमचे गाल कोरडे आहेत, तेव्हा क्रीम चालेल. फक्त नाकाच्या बाजूला दोन बोटं जागा सोडा, तुमचं तेल तिथूनच सुरू होत असणार.

पाण्यासारख्या टिंटच्या वाटेला जाऊ नका. त्यातला रंग बहुतेक वेळा विरघळलेला असतो, तो त्वचेच्या सगळ्यात वरच्या मृत थराला डाग पाडतो. जिथे कोरडी सालपटं तिथे डाग गडद. आणि वाळायला लिक्विडपेक्षाही घाई. गुळगुळीत, तेलकट गालांवर तो दिवसभर हलत नाही, पण ते गाल तुमचे नव्हेत.

उद्या असं करा. सनस्क्रीन लावून काजळ उरका, तेवढ्यात ते बसेल. कॉम्पॅक्ट फक्त कपाळ, नाक, हनुवटीवर. गाल मोकळे. मग लिक्विड, एकेक गाल, डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याखालून सुरुवात करून कानाच्या दिशेनं विरत नेलेला. दुपारपर्यंत टिकवायचा असेल तर वर त्याच जातीच्या रंगाच्या पावडर ब्लशचा एक फुंकर मारल्यासारखा हात. म्हणजे जुनी डबीही कामाला येईल.

एक राहिलं. सनस्क्रीन आणि ब्लशचं आपसात पटतं का ते गालावर पाहू नका, हाताच्या पाठीवर पाहा. सनस्क्रीन लावा, बसू द्या, वर ब्लश थोपटा, दोन मिनिटांनी बोट फिरवा. मळासारख्या वळ्या सुटल्या तर ती जोडी मोडा. पुष्कळदा सिलिकोनवर पाण्याचं किंवा पाण्यावर सिलिकोनचं असं लग्न लावलं की हे होतं.

लेबलवाचक

मी स्वतः ब्लश लावत नाही, पण बारा वर्षं तो साच्यात ओतला आणि दाबला आहे, म्हणून चार शब्द.

रंगपेटींचं सगळं मान्य, जुनी डबी सोडून. डबीच्या मागे उघड्या झाकणाच्या बरणीचं छोटं चित्र असतं, त्यात ६एम, १२एम, २४एम असं काही लिहिलेलं असतं. उघडल्यापासून तितके महिने. पावडरमध्ये पाणी जवळपास नसतं, त्यामुळे ती क्रीमइतक्या लवकर बिघडत नाही. पण ब्रश रोज गालावरचं तेल आणि मृत त्वचा डबीत आणून टाकतो. "कित्येक वर्षं" हा आकडा मला जरा भीतीदायक वाटला.

तिसऱ्या दिवशी ब्लश "गायब" झाला, त्यात टिकण्याइतकाच रंगाचा प्रश्न असेल. फिक्या गुलाबी, पेस्टल छटा बनवताना टायटॅनियम डायऑक्साइड घालतात. तो पांढरा रंग, लेबलावर सीआय ७७८९१ (सीआय म्हणजे प्रत्येक रंगाचा ठरलेला क्रमांक). गोऱ्या गालावर तो गोड दिसतो, सावळ्या गालावर राखाडी धूळ बसल्यासारखा. म्हणून बाटलीत पाहून "अरे बापरे" वाटेल असाच रंग घ्या: डाळिंबी, विटकरी, गुलबक्षी. पातळ थापला की तोच नैसर्गिक दिसतो. विटकरीपणा बहुधा लोहाच्या ऑक्साइडमधून येतो (७७४९१), चटक लालसर गुलाबी १५८५० मधून. ७५४७० म्हणजे कार्माइन, निवडुंगावर राहणाऱ्या कोचिनील किड्यापासून काढलेलं. शाकाहारी मंडळींनी तो आकडा लक्षात ठेवावा.

मात्र लेबल वाचून लगेच निकाल देऊ नका. रंगांच्या यादीआधी ± असं चिन्ह असेल तर ती यादी त्या मालिकेतल्या सगळ्या छटांची मिळून असते. तुमच्या छटेत त्यातलं काय आणि किती, ते कळत नाही. त्यापेक्षा जबड्याच्या कडेला ठिपका लावा, पूर्ण वाळू द्या, दिवसाच्या उजेडात बघा. ओल्या रंगावर विश्वास ठेवू नका.

आणि "तुमच्या त्वचेचा पीएच (म्हणजे आम्लता) ओळखून तुमचाच खास रंग" असं म्हणणारे ब्लश. त्यात बहुधा ४५४१० क्रमांकाचा रंग असतो. बिनपाण्याच्या मेणात तो रंगहीन राहतो, त्वचेच्या ओलाव्याशी गाठ पडली की गुलाबी होतो. जवळजवळ सगळ्यांच्या गालावर तोच भडक गुलाबी. गंमत म्हणून छान आहे, पण ओळखत वगैरे काही नाही.

तेलाचा दिवा

मी विरुद्ध पक्षाची. नाव बघून कळलं असेलच. दोन वर्षं क्रीमच्या मागे लागून पुन्हा पावडरवर आले. माझ्या गालावर क्रीम सकाळी गालाच्या हाडावर आणि दुपारी जबड्यावर असतं.

घाईगर्दी, पावडरला एवढ्यात निरोप देऊ नका. डबीत येतो तो चपटा, ताठ ब्रश वापरत होतात ना? तो रंग एका पट्ट्यात ओततो. मऊ, मोठा, विरळ केसांचा ब्रश घ्या, डबीत फक्त टेकवा, झटका आणि मग गालावर. लवीचं म्हणाल तर शेवटचा हात वरून खाली फिरवायचा, केस वाढतात त्या दिशेनं. आपण सगळ्याजणी "गाल वर उचलायचे" म्हणून खालून वर ब्रश मारतो आणि एकेक केस उभा करून रंगवतो. एवढं बदललं तरी माझा खिडकीपाशीचा आरसा शांत झाला.

आणि डबीतला रंग वर चकाकून कडक झाला असेल, ब्रशला लागतच नसेल, तर तो ब्रशमधून आलेल्या तेलाचा थर. चिकटपट्टी हलकेच दाबून ओढली की निघतो. (लेबलवाचक, माझी डबी नऊ महिन्यांची आहे, रागावू नका.)

चमचमवाला मात्र घेऊ नका, पावडर असो की क्रीम. रंध्रं आणि बारीक पुरळ, सगळ्यावर बॅटरी मारतो.

नितळ

मघाशी बोटावर घेऊन लावून पाहिलं. बरं दिसतंय. लिफ्ट मात्र दोन मजले कमी पडली.

घाईगर्दी

सतरा दिवसांनी परत आले, कारण एका दिवसाच्या प्रयोगावर माझा विश्वास नाही.

आधी कबुली. डबी उलटी करून पाहिली. २४एम. ती घेतली तेव्हा मुलीचे दुधाचे दात पडत होते, आता तिला माझ्या चपला होतात. लेबलवाचक, टाकली. ब्रशसकट.

गाल कॉम्पॅक्टशिवाय ठेवायचे म्हटल्यावर धाकधूक होती, पण कोरडे गाल कशाला चमकतील? इतकी वर्षं मी कोरड्या जागेवर पावडर मारून ती आणखी कोरडी करत होते आणि वर त्या ब्लशला नावं ठेवत होते. चट्टे पहिल्याच दिवशी थांबले. हाताच्या पाठीवर थेंब घेऊन थोपटायला दोन्ही गालांना मिळून सव्वा मिनिट लागतं, घड्याळ लावून पाहिलं.

वळ्यांची परीक्षाही केली. घरात दोन सनस्क्रीन होती. रोजचं पास झालं. सुट्टीच्या दिवशीचं नापास, खोडरबरानं खोडल्यासारखा कचरा निघाला. आता कळलं, मागे एकदा चेहऱ्यावर "त्वचा सोलली जातेय" म्हणून मी उगाच आठवडाभर घाबरले होते ते काय होतं.

टिकण्याचं अर्धंच जमलंय. सकाळी नऊचा रंग दोनपर्यंत दिसतो, चारला पुन्हा फिका. रंग तोच जुना, फिका गुलाबी आहे, त्यामुळे लेबलवाचकांचं म्हणणं खरं असणार. बाटली संपली की विटकरी घेईन. बाटली संपायला किती वर्षं लागतील कुणास ठाऊक, एका थेंबात दोन गाल होतात.

एक शंका राहिली. बोटानं थोपटताना कडा कधीकधी स्पष्ट राहते, विशेषतः कानाकडे. स्पंज वापरू का?

रंगपेटी

वापरा, पण ओला करून घट्ट पिळलेला. कोरडा स्पंज निम्मा रंग स्वतःच पितो. आणि रंग बोटानंच लावा, स्पंज फक्त कडेवर टेकवायचा, त्याला नवीन रंग न लावता. रोज धुवायचा कंटाळा येणार असेल तर बोटच बरं.