आईच्या गुडघ्यांना झेपेल अशी सात-सीटर मोठी एसयूव्ही: वापरणाऱ्यांचे अनुभव हवेत (मुंबई, बजेट २२ लाख)

चाकरमानी_मुलुंड
नमस्कार मंडळी. राहायला मुलुंडला, गाव देवरुखजवळ. घरात सहा माणसं: आम्ही दोघं, दोन मुलं, बाबा आणि आई. गेल्या वर्षी आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. आत्ताची हॅचबॅक अकरा वर्षांची आहे. यंदा गणपतीला आम्ही गाडीने गेलो आणि आई-बाबा ट्रेनने, कारण सामान आणि सहा माणसं बसेनात. गर्दीत आईला चढवताना जे झालं ते मला पुन्हा नको आहे.

बजेट २२ लाख, ऑन-रोड. याच्या वर खरंच शक्य नाही. ऑफिसला लोकलने जातो, त्यामुळे गाडी शनिवार-रविवार बाहेर निघते आणि वर्षातून सात-आठ वेळा गावाला जाते. सोसायटीत स्टॅक पार्किंग (गाड्या एकावर एक ठेवायची लोखंडी चौकट), पाटीवर मर्यादा २००० किलो. ब्रोशर सगळी वाचून झाली आहेत. ज्यांनी गाडी तीन-चार वर्षं वापरली त्यांनी सांगा: काय बिघडलं, म्हाताऱ्या माणसांना चढउतार कशी होते, आणि कोकणच्या रस्त्यावर मागे बसलेल्यांची पाठ शाबूत राहते का?

घाटरस्ता
डोळे झाकून टोयोटाची इनोव्हा क्रिस्टा. माझी २०१८ ची, २.८ ऑटोमॅटिक, १ लाख ६२ हजार किमी झाले. आजवर टायर, बॅटरी, ब्रेक पॅड आणि सस्पेन्शनचे बुश, एवढंच बदललं. एकदाही रस्त्यात उभी राहिली नाही. एकटा असलो की मागून थोडी उडते, पण सहा माणसं आणि दोन गोणी तांदूळ टाकले की रस्त्याला चिकटून बसते. वरचं व्हेरिएंट घ्या, थोडं खेचावं लागेल, पण दहा वर्षं बघायला नको.

डिझेलप्रेमी
२२ मध्ये अर्धवट काही घेण्यापेक्षा थांबा आणि फॉर्च्युनर घ्या. माझ्याकडे ४x४ आहे. मुंबई-गोवा हायवेवर लोक खड्डे मोजत जातात, मी झोपलेल्या पोरांना जाग न येऊ देता रत्नागिरी गाठतो. गाडी आयुष्यात एकदाच घ्यायची असते.

चाकरमानी_मुलुंड
दादा, बजेट २२ आहे.

पार्ल्याची_ताई
आईंसाठी विचारताय म्हणून सविस्तर लिहिते. माझ्या सासूबाईंचेही दोन्ही गुडघे बदललेत. आमची गाडी उंच, लॅडर-फ्रेमची, म्हणजे ट्रकसारखी वेगळ्या सांगाड्यावर बॉडी बसवलेली. शोरूममध्ये फूटरेस्ट बघून वाटलं होतं की झालं काम. प्रत्यक्षात फूटरेस्ट अरुंद असतो, पावसात निसरडा होतो, आणि एका पायावर सगळा भार देऊन वर चढणं हेच त्यांना नको असतं. पहिले सहा महिने मी डिकीत स्टूल घेऊन फिरत होते.

फिजिओथेरपिस्टने शिकवलं ते सांगते. आधी पाठमोरं उभं राहून सीटवर बसायचं, मग दोन्ही पाय एकत्र आत फिरवायचे. यासाठी सीट साधारण नितंबाच्या उंचीला हवी. जास्त उंच असेल तर बसता येत नाही, फार खाली असेल तर उठता येत नाही. म्हणून आईंना शोरूमला न्या आणि मधल्या सीटवर किमान पाच वेळा बसवा-उठवा. एकदा सगळ्यांनाच जमतं, पाचव्यांदा खरं काय ते कळतं. दार किती उघडतं तेही बघा, स्टॅकच्या खांबांमध्ये ते अर्धंच उघडेल. आणि वर हाताला धरायची मूठ दाराच्या खांबावर आहे की छताला, याने फार फरक पडतो.

जुना_पनवेलकर
ताईंशी सहमत. पण मोनोकॉक गाड्या (सांगाडा आणि बॉडी एकच असलेल्या) कोकणात टिकत नाहीत असं माझं स्पष्ट मत आहे. १९९८ ची टाटाची मूळ सफारी लॅडर-फ्रेमची होती, मागच्या चाकांना ताकद. २०२१ ला आली ती त्याच नावाची पूर्ण वेगळी गाडी, पुढची चाकं ओढतात. नावावर जाऊ नका.

वसईवाला
काका, टिकत नाहीत कशा? माझ्याकडे नवी सफारी आहे, ८० हजार झाले. खड्ड्यातून जाताना बॉडी डोलत नाही, मागे बसलेल्या आईला आता उलटी होत नाही. आधीच्या लॅडर-फ्रेम गाडीत परशुराम घाटात दर वेळी थांबायला लागायचं. शिवाय भारत एनसीएपीने (गाड्यांची सरकारी क्रॅश टेस्ट) डिसेंबर २०२३ मध्ये पहिल्यांदा निकाल दिले तेव्हा हॅरियर-सफारीला पाच तारे होते.

जुना_पनवेलकर
तारे घाटात गाडी ओढत नाहीत. महामार्गाचं काम २०११ पासून चालू आहे, पंधरा वर्षं होत आली. या रस्त्याला मजबूत चेसीच हवी.

घाटरस्ता
म्हणून तर म्हणतो, क्रिस्टा. डोळे झाकून.

स्पॅनर
भांडुपला माझं गॅरेज आहे, वीस वर्षं झाली. चाकरमानी, तुमच्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची ओळ कोणी वाचलेली दिसत नाही: गाडी आठवड्यातून दोन दिवस निघणार.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-सहा (प्रदूषणाचे नवे नियम) डिझेल गाड्यांना डीपीएफ असतो, म्हणजे धुरातली काजळी अडवणारी गाळणी. साठलेली काजळी जाळायला आत ६०० अंशांच्या आसपास तापमान लागतं, आणि त्यासाठी गाडी वीस-पंचवीस मिनिटं एका वेगात पळावी लागते. एलबीएस रोडवर मुलुंड ते भांडुप करून हे होत नाही. जळण अर्ध्यात तुटतं, पुन्हा सुरू होतं, पुन्हा तुटतं. त्यासाठी जास्तीचं सोडलेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढलेलं दिसतं. महिन्याला अशा दोन-तीन गाड्या माझ्याकडे येतात, सगळ्या कंपन्यांच्या. मालक म्हणतात की गाडीच खराब. गाडी चांगली असते, वापर तिच्या जातीचा नसतो.

तरीही डिझेल घेणार असाल तर दर आठवड्याला रात्री ईस्टर्न एक्सप्रेसवरून भिवंडी बायपासपर्यंत एक फेरी मारा, आणि डीपीएफचा दिवा लागला की गाडी बंद करू नका, पळवा.

डिझेलप्रेमी
दिवा लागला की पळवायची, सोपं आहे. दोन टनांची गाडी पेट्रोलवर म्हणजे शहरात आठचं ॲव्हरेज. त्यात आता ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, ते कुठून भरून काढणार?

वसईवाला
वीस टक्क्यांचा एक तृतीयांश म्हणजे सहा-सात टक्के. एवढ्याने कोणी भिकेला लागत नाही. नव्या गाड्या ई-२० साठीच बनतात, प्रश्न जुन्यांचा आहे.

डिझेलप्रेमी
सहा-सात टक्के दर महिन्याला मोजा.

स्पॅनर
त्यांचं महिन्याचं रनिंग किती? पाचशे-सहाशे किमी. एवढ्या वापरात डिझेलचे जास्तीचे पैसे परत यायला किती वर्षं लागतील ते मोजा. आणि महाराष्ट्रात १० ते २० लाखांच्या गाडीला पेट्रोलवर १२ टक्के रोड टॅक्स, डिझेलवर १४.

शिवडीकर
कोणी विम्याबद्दल लिहिलं नाही म्हणून लिहितो. दोन पावसाळ्यांपूर्वी रात्री हिंदमाताला पाण्यात गाडी घातली. एसयूव्ही आहे, जाईल, असं वाटलं. बंपरच्या वर पाणी आलं, गाडी बंद पडली आणि मी घाबरून पुन्हा स्टार्ट मारला. तिथेच सगळं संपलं. इंजिनात पाणी गेलं होतं, पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकला. विमा कंपनीने दावा नाकारला, कारण इंजिन प्रोटेक्शन घेतलेलं नव्हतं. तीन लाखांच्या वर खिशातून गेले. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा चालू करायची नाही, ढकलून बाहेर काढायची आणि टो करायची. मुंबईत मोठी गाडी घेताय तर सनरूफ सोडा, पण हे कव्हर सोडू नका.

वसईवाला
+१. सनरूफवरून आठवलं. माझ्या भावाची गाडी (कंपनी लिहीत नाही) झाडाखाली उभी असते. सनरूफच्या चारही कोपऱ्यांना पाणी काढणाऱ्या नळ्या असतात, त्या पाल्याने तुंबल्या आणि जुलैत छतातून पाणी थेट सीटवर. सर्व्हिसला दर पावसाळ्याआधी नळ्या साफ करून मागा, ते आपणहून करत नाहीत.

कल्याण_डेपो
सेकंडहँड क्रिस्टा ऑटोमॅटिक बघा ना. नव्या क्रिस्टात ऑटोमॅटिक मिळत नाही, २०२३ पासून फक्त मॅन्युअल डिझेल. आणि काहीही घ्या, ऑटोमॅटिकच घ्या. घोडबंदरला एकदा दीड तास क्लच दाबा, मग बोला. जमलं तर मित्राच्या कंपनीच्या नावावर घ्या, टॅक्स वाचतो.

स्पॅनर
कंपनीच्या नावावर घेतली तर महाराष्ट्रात रोड टॅक्स २० टक्के आहे. वाचत नाही, वाढतो. कृपया असे सल्ले देऊ नका, लोक खरंच करतात.

पार्ल्याची_ताई
स्टॅकचं राहिलं. गाडीचं रिकामं वजन आरसीवर छापलेलं असतं, शोरूममध्ये त्याच मॉडेलच्या कुठल्याही गाडीची आरसी दाखवा म्हणावं. आणि उंचीही मोजा. आमच्या इमारतीत वजन बसलं, पण रूफ रेल वरच्या चौकटीला लागली.

चाकरमानी_मुलुंड
सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवडे लागले, पण झालं.

ताईंनी सांगितलं तसं आईला चार शोरूममध्ये नेलं. प्रत्येक ठिकाणी मधल्या सीटवर पाच वेळा बसवलं. दोन उंच गाड्यांत ती तिसऱ्या वेळी थांबली आणि म्हणाली, "मला जमतंय रे." ती असं कधी म्हणते ते मला माहीत आहे. महिंद्राच्या एक्सयूव्ही७०० मध्ये पाचही वेळा माझा हात न धरता बसली आणि उतरली. मी तिथेच ठरवलं.

पेट्रोल, मॅन्युअल, सात-सीटर. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या एसयूव्हीवरचा जीएसटी सेससकट ५० वरून ४० टक्क्यांवर आला, त्यामुळे बजेटमध्ये बसली. वजन आरसीवर बघितलं, उंची टेपने मोजली, स्टॅकमध्ये जाते. ऑटोमॅटिक न घेतल्याने वाचलेल्या पैशांत वाढीव वॉरंटी आणि इंजिन प्रोटेक्शन दोन्ही घेतलं.

डिझेलप्रेमी
दोन लिटर टर्बो पेट्रोल, आणि तेही मॅन्युअल? पुढच्या वर्षी पंपावर भेटू.

कल्याण_डेपो
ऑटोमॅटिक घ्यायला हवी होती हो. क्लचने तुमचे गुडघे जातील.

चाकरमानी_मुलुंड
रोज लोकलने जातो दादा, क्लच आठवड्याला दोनच दिवस. आणि गाव गाठायला पेट्रोल जास्त लागलं तर लागू दे, यापुढे आई ट्रेनच्या गर्दीत चढणार नाही.

घाटरस्ता
अभिनंदन. तरी सहा माणसं भरून एकदा माझ्या क्रिस्टात बसायला या, मग सांगा.

स्पॅनर
अभिनंदन. पहिले हजार किमी गाडी एकाच वेगात पळवत ठेवू नका. आणि गावाला निघताना सहा माणसं आणि सामान असेल तर दाराच्या खांबावरचा तक्ता बघून टायरमध्ये पूर्ण लोडची हवा भरा. रिकाम्या गाडीची हवा घेऊन तुम्ही काँक्रीटवर तीनशे किलोमीटर जाऊ नका.

चाकरमानी_मुलुंड
नक्की. डिलिव्हरी गुरुवारी आहे, शुक्रवारी पहाटे चारला निघतोय. बाबा म्हणतात संगमेश्वरला हायवे सोडला की तिथून देवरुखपर्यंत गाडी ते चालवणार. आईने मधल्या सीटसाठी शाल धुऊन ठेवली आहे.