प्रायश्चित्तकाळातली शांतता : तुमचा अनुभव सांगा

राखेच्या बुधवारी कपाळाला राख लावून ईस्टरआधीचा आमचा उपवासाचा काळ, म्हणजे प्रायश्चित्तकाळ, सुरू झाला की आमच्या वसईत एकच प्रश्न फिरतो, "तू यंदा काय सोडलंस?" चहा, मटण, मोबाइल. रविवार वगळून ४० दिवस. मला पुढचं विचारायचंय : सोडलेल्या जागी काय आलं? शांतता लाभली, की नुसतीच चिडचिड? सुरुवात मीच करते.

गेल्या वर्षी ईस्टरआधीच्या रविवारी चर्चमध्ये मिळालेल्या झावळ्या जाळून ही राख करतात, म्हणून आधी घराघरातून त्या गोळा होतात. आमच्या घरच्या आल्तारामागे (देव्हाऱ्यामागे) बाबांनी विणलेला झावळीचा क्रूस होता. पावसाळ्यात बाबा गेले. क्रूस पिशवीत घालून मी दोनदा चर्चपर्यंत गेले आणि दोन्ही वेळा तसाच परत आणला. तिसऱ्यांदा टोपलीत ठेवला आणि मागे न बघता निघाले. बुधवारी फादरांनी कपाळाला राख लावली. 'तू माती आहेस व मातीत परत जाशील' हे लहानपणापासून ऐकतेय, पण तेव्हा चिमूटभर राख नाकावर सांडली आणि मी ती पुसली नाही. घरी येऊन कांदा चिरायला बसले. बराच वेळ कोणाशी बोलावंसं वाटलं नाही. बस, एवढंच.

पापलेटप्रेमी : ताई, खरं सांगू? आमच्याकडे शुक्रवारी मटण बंद म्हणजे पापलेट आणि कोलंबी. एकादशी अन् दुप्पट खाशी! कडक उपास तसेही दोनच दिवस, राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार (गुड फ्रायडे), तोही १८ ते ५९ वयाला. यंदा शुक्रवारी फक्त पेज खाल्ली. शांतता माहीत नाही, झोप छान लागली.

कुवेतहून, नर्स : २०२५ मध्ये रमजान १ मार्चला लागला आणि आमचा राखेचा बुधवार ५ तारखेला आला. वॉर्डात निम्म्या जणी रोजाच्या. त्यांच्यासमोर डबा उघडायला जीव होईना, म्हणून मीही थांबू लागले. संध्याकाळी एक इजिप्शियन सिस्टर माझ्या हातावर खजूर ठेवायची आणि दोघी न बोलता खायचो. इतकी वर्षं उपवास एकटीचा वाटायचा, त्या वर्षी नाही वाटला.

नगरचा : आम्ही प्रोटेस्टंट, आमच्या चर्चमध्ये राख लावत नाहीत. आमचा खरा दिवस म्हणजे शुभ शुक्रवार, दुपारी बारा ते तीन, येशूचे क्रुसावरचे सात उद्गार. सात उद्गारांवर सात जणांची प्रवचनं. लहानपणी मी बोटांवर मोजायचो, आता किती राहिले! एका वर्षी चौथ्या उद्गाराला वीज गेली. माइक बंद, पंखे बंद, बाहेर एप्रिलचं ऊन. बोलणारे आजोबा ऐंशीचे, आवाज पुढच्या बाकापर्यंतही पोचेना. तर सगळी मंडळी पुढे वाकली, रडणारी पोरंसुद्धा गप्प. 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' एवढंच म्हणून आजोबा थांबले. पुढचं विसरले असावेत. कोणी हललं नाही. पाचव्या उद्गाराला वीज आली, तेव्हा मला चक्क राग आला.

सिगारेट सोडलेला : नवव्या दिवशी मोडलं. बायकोवर, पोरांवर, रिक्षावाल्यावर खेकसून झालं. कन्फेशनला गेलो तर फादर हसले, म्हणाले, उद्यापासून पुन्हा पहिला दिवस धर. आज चौथा आहे.

बार्देशहून (गोवा) : मी ख्रिस्ती नाही, लिहिलं तर चालेल ना? आमचं घर चर्चच्या अंगाला. आजीचा संध्याकाळचा दिवा तिथल्या घंटेवर लागतो. शुभ शुक्रवारच्या आदल्या दिवशी, पवित्र गुरुवारच्या मिस्सेनंतर (चर्चमधल्या प्रार्थनाविधीनंतर), घंटा मुकी होते आणि तिच्या जागी लाकडी फळीचा टकटक आवाज येतो. दोन वर्षांपूर्वी शुक्रवारी तिन्हीसांजेला आजी काडेपेटी हातात धरून ओट्यावर बसून राहिली. "आज घंटा नाही गं," मी म्हटलं. "ठाऊक आहे," ती म्हणाली, "बसूया थोडा वेळ." अंधार पडल्यावर तिने दिवा लावला.