एचआरडीत मास्टर्स म्हणजे ‘समोसे मोजायची डिग्री’? उत्तर द्यायलाच लागतंय

वाळू_आणि_वही
काल ‘पाना १२-१३’ यांनी इथं एक पोस्ट टाकली. थोडक्यात अशी: एचआरडीत (ह्यूमन रिसोर्स डेव्हलपमेंट, म्हणजे कंपनीतल्या माणसांना शिकवून तयार करण्याचा विषय) मास्टर्स केलेली पोरं शेवटी करतात काय, तर हॉल बुक करतात, समोसे मोजतात आणि हजेरीवर सह्या घेतात. माणूस मशीनशेजारी उभा राहून शिकतो, त्याला डिग्रीवाला शिकवणारा कशाला? खाली सगळ्यांनी हसून घेतलं. मीही हसले, मग रात्री झोप लागेना, म्हणून हे.

मी तीच डिग्री घेतलीय. समोसेही मोजलेत, नाकारत नाही.

पहिली नोकरी एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत (वाळूच्या साच्यात धातू ओतून भाग बनवायचा कारखाना). नाव सांगत नाही. रिजेक्शन वाढलं होतं, कारण ब्लो होल. कास्टिंग वरून गुळगुळीत दिसायचं आणि गिऱ्हाइकाकडं मशीनिंगला गेलं की कातडीखालची मोहरीएवढी भोकं उघडी पडायची. साहेबांनी मला बोलावलं, “मोल्डिंगच्या पोरांना वाळूच्या ओलाव्यावर ट्रेनिंग लावा. शनिवारी, दोन तास.” मी हो म्हणून बाहेर आले. पण कॉलेजात आमच्या डोक्यात एक प्रश्न पक्का बसवला होता, रॉबर्ट मॅगर या अमेरिकन ट्रेनिंग-तज्ज्ञाचा: जिवावर बेतलं तर या माणसाला हे काम जमेल का? जमणार असेल तर त्याला ते येतंय. मग ट्रेनिंग देऊन उपयोग नाही, घोडं दुसरीकडं अडलंय.

म्हणून तीन रात्री थर्ड शिफ्टला जाऊन बसले. सँड लॅबचा माणूस रात्री दहाला घरी जायचा. त्यानंतर सकाळपर्यंत वाळू तपासायला कुणी नाही. मिक्सरवरचा पाण्याचा व्हॉल्व्ह नीट बसत नव्हता, बंद केला तरी आत टिपटिप चालूच. पन्नाशीतल्या एका मोल्डरनं वाळूची मूठ आवळून माझ्या तळहातावर ठेवली. गोळा मोडायला गेले तर मोडेना, दाबला की चपटा व्हायचा. हाताला ओल लागली. म्हणाला, “ही वाळू न्हवं मॅडम, चिखल हाय. दोन म्हैनं सांगालोय.”

मी लिहून दिलं: ट्रेनिंगची गरज नाही, व्हॉल्व्ह बदला आणि रात्री टेस्टिंगला माणूस द्या. व्हॉल्व्ह बदलला, रिजेक्शन उतरलं. आणि मला झापलं, कारण ऑडिटला ट्रेनिंग कॅलेंडरमधला तो चौकोन रिकामा दिसणार होता. शेवटी शनिवारी दोन तास ट्रेनिंग घेतलंच. समोसे होते.

तर पानासाहेब, समोसे डिग्रीनं आणलेले नाहीत. ट्रेनिंगला ‘नको’ म्हणायची अक्कल मात्र मला त्या दोन वर्षांत आली.

पाना_१२-१३
काय ओ मॅडम, लई भारी लिहिलंय. पण तुमच्याच गोष्टीत तुम्ही हरलाय, बघा. वाळूचा चिखल झालाय हे कुणाला माहीत होतं? मोल्डरला. दोन महिने कोण सांगत होतं? मोल्डरच. साहेबानं त्याला एकदा चहाला बोलावून विचारलं असतं, तर तुमची दोन वर्षांची फी वाचली असती.

माझं कोल्हापुरात उद्यमनगरात वर्कशॉप आहे, २२ माणसं. एचआर कोण? मीच. नवीन पोरगं आलं की आधी चिप्स (धातूचा कीस) झाडायचं, मग बर (कडेची धार) काढायचं, मग ड्रिल, मग लेथ. दीड वर्षात पोरगं तयार. उद्यमनगरातल्या जुन्या मेस्त्रींनी इंजिन नुसतं आवाजावर ओळखलंय, त्यांना कुणी ‘लर्निंग ऑब्जेक्टिव्ह’ दिलं होतं काय?

थर्ड_शिफ्ट
पानाशेठ, तुमच्या त्या दीड वर्षात किती पोरं पळून गेली, ते बी सांगा की.

मी पण मेस्त्रीच्या हाताखाली शिकलोय. विचारलं की डोक्यात टपली. “बघ आणि शिक.” बघितलं. मेस्त्री पॉवर प्रेसचा गार्ड (हात आत सापडू नये म्हणून लावलेला आडोसा) काढून काम करायचा, ते बी बघून शिकलो. माझ्या उजव्या हाताची करंगळी अर्धीच हाय.

तांबडा_पांढरा
बाप रे. यावर काय बोलणार भावा.

निवृत्त_मास्तर
वर जे ‘मशीनशेजारी उभा राहून शिकतो’ म्हटलं आहे, त्याचंही शास्त्र आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतले तयार कामगार सैन्यात गेले आणि कारखान्यांत नवखी माणसं आली. तेव्हा, १९४० ते १९४५ या काळात, तिथल्या सरकारनं ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ हा कार्यक्रम चालवला. सुपरवायझरला शिकवायच्या चार पायऱ्या दिल्या: माणसाची तयारी करा, काम दाखवा, त्याच्याकडून करून घ्या, मग लक्ष ठेवा. सोबत एक वाक्य होतं: कामगार शिकला नसेल, तर शिकवणाऱ्यानं शिकवलेलं नाही. युद्धानंतर हे जपानात गेलं आणि तिथल्या कारखान्यांत मुरलं. आज आपण जपानी पद्धत म्हणून हजारो रुपये देऊन जे ऐकतो, त्यातलं बरंचसं हेच.

आपल्याकडं १९७५ च्या सुमारास लार्सन अँड टुब्रोत उदय पारीक आणि टी. व्ही. राव या दोन प्राध्यापकांच्या सल्ल्यानं वेगळा एचआरडी विभाग सुरू झाला. म्हणजे हा विषय काल-परवाचा नाही. आणि जाता जाता: ‘माणूस वाचलेलं १० टक्के, ऐकलेलं २० टक्के लक्षात ठेवतो’ ही स्लाइड कृपया कुणी टाकू नका. ती ज्या एडगर डेल या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाच्या नावावर खपवतात, त्याच्या १९४६ च्या आकृतीत टक्के नव्हतेच. ही स्लाइड मी निरनिराळ्या ट्रेनरांकडून इतक्या वेळा पाहिली आहे की आता स्वप्नात येते.

पाना_१२-१३
मास्तर, चार पायऱ्या पटल्या. पण त्या सुपरवायझरला शिकवल्या ना? एचआरडीच्या पोरीला नाही. हेच मी म्हणतोय.

वाळू_आणि_वही
सुपरवायझरला शिकवायला कोण गेलं होतं मग?

पगार_चौदा_हजार
ताई, तुमचं नशीब चांगलं. मी एमबीए एचआर, स्पेशलायझेशन ट्रेनिंग अँड डेव्हलपमेंट. ट्रेनिंगचा उपयोग झाला का ते मोजायच्या कर्कपॅट्रिकच्या चार पातळ्या (१९५९, झोपेतही सांगतो): माणसाला ट्रेनिंग आवडलं का, शिकला का, कामात बदल झाला का, कंपनीला फायदा झाला का. नोकरीत यातली पहिली पातळी फक्त आहे, ती पण बनावट. फीडबॅक फॉर्मवर सगळ्यांचं ‘उत्तम’. एकाच पेनानं, एकाच अक्षरात. अक्षर माझं.

बाकी दिवसभर पंचिंगचा घोळ, कँटीनची कुपनं, पीएफचे फॉर्म, कंत्राटदाराच्या माणसांची यादी. घरी बाबा विचारतात, तू नक्की काय काम करतोस? मी म्हणतो, माणसं घडवतो. आई हसते.

सायबरचा_एमएसडब्ल्यू
माफ करा, पण मूळ दुखणं कुणी बोलेना. एचआरडी आणि एमबीए एचआरच्या पोरांना फॅक्टरीत घेतातच कशाला? १९४८ च्या फॅक्टरी अॅक्टचं कलम ४९ वाचा. ५०० कामगार असले की वेल्फेअर ऑफिसर ठेवावाच लागतो, आणि त्याला समाजकार्य, कामगार कल्याण असलं शिक्षण लागतं. आम्ही एमएसडब्ल्यूवाले, म्हणजे समाजकार्यात मास्टर्स केलेले, दोन वर्षं आठवड्याचे दोन-दोन दिवस फील्डवर्क करतो. वस्तीत जातो, कामगाराच्या घरात बसतो. पीपीटी करून माणूस कळत नाही.

पगार_चौदा_हजार
आले! यांची वाटच बघत होतो. सर, त्याच एका कलमामुळं एमबीएवर मला परत कामगार कायद्याचा डिप्लोमा करावा लागला. तोवर आमच्या कंपनीत एका एमएसडब्ल्यू साहेबांचं सर्टिफिकेट भिंतीवर आणि काम माझ्या टेबलावर.

सायबरचा_एमएसडब्ल्यू
सर्टिफिकेट भाड्यानं देणारे सगळीकडं असतात, त्यावरून कोर्सला नावं ठेवू नका. मी एक प्रसंग सांगतो. एक फेटलिंगचा (ओतलेलं कास्टिंग घासून साफ करणारा) माणूस, महिन्यातले सहा-सात दिवस गैरहजर. एचआरच्या मॅडमनी त्याला ‘मोटिव्हेशन’च्या बॅचमध्ये घातलं. मी घरी गेलो. बायको डायलिसिसवर, आठवड्यातून दोनदा सीपीआर दवाखान्यात न्यायला घरात दुसरं कुणी नाही. शिफ्ट बदलून दिली, खाडे थांबले. हे तुमच्या कुठल्या पातळीत बसतं?

वाळू_आणि_वही
हे तर मी पहिल्याच पोस्टमध्ये म्हटलंय, फक्त तुमच्याकडं व्हॉल्व्हच्या जागी शिफ्ट आहे! गरज काय आहे ते आधी शोधायचं. त्याला आम्ही नीड अॅनालिसिस म्हणतो, तुम्ही गृहभेट म्हणा.

सायबरचा_एमएसडब्ल्यू
इंग्रजी नाव दिलं की फी वाढते, एवढाच फरक.

पगार_चौदा_हजार
आणि एमएसडब्ल्यूवाल्यांना एक्सेलमध्ये बेरीज करायला सांगितली की घाम फुटतो, हा दुसरा फरक.

सायबरचा_एमएसडब्ल्यू
वय काय रे तुझं? कंपनीत एक संप बघितलायस? गेटवर दोनशे माणसं उभी असताना बाहेर जाऊन बोललायस? एक्सेल उघडून दाखवणार होतास काय त्यांना?

कडबा_कुट्टी
ते कलम ४९ पण जुनं झालं आता. नवीन कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्यात, त्यात वेल्फेअर ऑफिसरला २५० कामगारांची अट आहे. म्हणजे दोघांनाही नोकऱ्या वाढतील. भांडा निवांत.

सायबरचा_एमएसडब्ल्यू
वाढतील कसल्या. पटावर २४०, बाकी सगळे कंत्राटी, असा हिशेब दाखवतील. पैज लावतो.

पगार_चौदा_हजार
यावर मात्र सरांशी सहमत. लिहून ठेवा, परत म्हणणार नाही.

धागा_बघणारा
मूळ विषय काय होता, कुणाला आठवतंय? आणि ‘वय काय रे’ वगैरे नको. अरे-तुरे करायचं असेल तर रंकाळ्यावर भेटा, भेळ खात करा.

जोतिबाच्या_पायथ्याशी
मला एक बोलायचंय, मूळ विषयावरच आहे. मास्तरांसारखे लोक ‘अॅडल्ट लर्निंग’ म्हणतात. त्याचं मराठी ‘प्रौढ शिक्षण’, आणि तिथंच घोटाळा होतो. १९७८ साली २ ऑक्टोबरला सरकारनं राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम काढला, आमच्या गावात रात्रीचा वर्ग भरायचा. आजी जायची. शिकवणारा पोरगा आजीच्या नातवाच्या वयाचा. तो फळ्यावर ‘कमळ’ लिहायचा. आजी म्हणायची, मला ‘क’ नको, सोसायटीच्या पावतीवर काय लिहिलंय ते वाचून दाखवायला शिकव. तो म्हणायचा, ते पुस्तकात नाही. आजी पंधरा दिवसांत बसली घरी.

नंतर मी माल्कम नोल्स वाचला, मोठी माणसं कशी शिकतात यावर लिहिणारा. मोठ्या माणसाला आत्ता उपयोगी पडेल तेच शिकायचं असतं, आणि तो अनुभवाचं गाठोडं घेऊन वर्गात येतो. आजीनं ते पावतीवरून सांगितलं होतं. आज कारखान्यात तेच चाललंय. माणसं ओडिशाची, बिहारची. भिंतीवरची सूचना मराठीत. ट्रेनरची पीपीटी इंग्रजीत. आणि शेवटी प्रश्न: काही शंका? शंका कशाला असेल?

निवृत्त_मास्तर
हे मी माझ्या वर्गात वापरणार. परवानगी गृहीत धरतो.

पाना_१२-१३
काल रात्री उत्तर दिलं नाही, कारण तुमच्या एमएसडब्ल्यू-एमबीएच्या कुस्तीत माझं काम नव्हतं. माझ्याकडं २२ माणसं. ना ५००, ना २५०. माझ्यासारख्यांना कुठलंच कलम लागत नाही आणि कुठलाच डिग्रीवाला माझ्याकडं येत नाही, सगळ्यांना फाइव्ह स्टार एमआयडीसीतली मोठी कंपनी पाहिजे. हे पण कुणीतरी लिहा.

आता दुसरं. थर्ड शिफ्ट यांचं करंगळीचं वाचलं होतं. सकाळी दुकान उघडल्यावर सहज प्रेसकडं गेलो. तीनपैकी एकाचा गार्ड काढून खिडकीच्या कोपऱ्यात उभा केलेला, वर धूळ. म्हणजे आज-काल काढलेला नाही. मी रोज त्या प्रेससमोरून दहा वेळा जातोय. लावून घेतला. याचा डिग्रीशी काही संबंध नाही, आधीच सांगून ठेवतो.

वाळू_आणि_वही
संबंध नाहीच. पण पोरांना त्यावरून शनिवारी सेफ्टीचं लेक्चर देणार असाल, तर थांबा.

पाना_१२-१३
द्यायचंच ठरवलंय. का नको?

वाळू_आणि_वही
कारण गार्ड लावून काम करायचं असतं हे त्यांना माहीत असणार. मग का काढला, ते आधी कळू दे. मी येते शनिवारी. फुकट. समोसे आणू नका.

थर्ड_शिफ्ट
त्यासाठी शनिवारपतोर थांबायला नको, मीच सांगतो. गार्ड असला की जॉब आत ठेवायला आणि काढायला हात आडवातिडवा घालायला लागतोय. एका जॉबमागं दोन-तीन सेकंद जादा. दिवसाचा आकडा पुरा होत न्हाई. आकडा पुरा झाला न्हाई की बोलणी. पोरगं दुसऱ्याच दिवशी पाना घेऊन गार्ड काढतंय.

पाना_१२-१३
आकडा मीच लावलाय.

थर्ड_शिफ्ट
म्हाईत हाय.

पाना_१२-१३
शनिवारी अकराला या मॅडम. थर्ड शिफ्ट, तुम्ही पण या. समोसे आणणार नाही, मिसळ सांगतो.