मदत हवी: सरांचा एच-इंडेक्स नक्की कुठला धरायचा? (शुक्रवारच्या आत)

पिवळी_फाईल
मी मेडिकल कॉलेजच्या लायब्ररीत आहे. आमचे एक सर रिटायर होतायत, गौरव अंकात त्यांच्या संशोधनावर दोन पानं हवीत, ती माझ्या गळ्यात पडलीत. एच-इंडेक्स म्हणजे पेपर किती आणि ते किती वेळा उद्धृत झाले यावरून काढलेला आकडा. तो गूगल स्कॉलर (गूगलचा पेपर-शोध) म्हणतं ४१, स्कोपस (पेपरांचा डेटाबेस) म्हणतं १९. दोन्ही खरे कसे असतील? वर सहलेखकांचा नकाशाही हवाय म्हणून व्हीओएसव्ह्यूअर (असे नकाशे काढायचं सॉफ्टवेअर) टाकून बघितलं तर नुसतं गुंतवळ आलंय, त्यात सर कुठे आहेत तेही दिसत नाही. प्रेसवाला शुक्रवारी फाईल मागतोय. पटकन सांगा, थिअरी नको.

कट्ट्यावरचा_डॉक्टर
विषय कुठला सरांचा? आडनाव कॉमन आहे का? किती पेपर? काहीच न सांगता पटकन म्हणे.

पिवळी_फाईल
नेत्ररोग. आडनाव पाटील, अजून किती कॉमन हवंय. स्कोपसवर ८६ पेपर.

आकडेमोड
स्कॉलरचा आकडा जास्तच येतो, कारण तो थिसिस, प्रीप्रिंट (जर्नलने तपासण्याआधीचे मसुदे), परिषदांमधले निबंध, दिसेल त्यातले उल्लेख मोजतो, स्कोपस फक्त त्यांच्या निवडक यादीत असलेलंच धरतं. पण १९ चे ४१ एवढ्याने होत नाहीत. स्कॉलर प्रोफाईल उघडून सगळ्यात जास्त सायटेशनवाले (इतरांनी उद्धृत केलेले) दहा पेपर नीट वाचा, नुसते आकडे नको, शीर्षकं वाचा.

जुना_खोडरबर
मुळात एच-इंडेक्स हवाच कशाला? हिर्श नावाच्या फिजिक्सवाल्याने २००५ साली काढलेली कल्पना, २० पेपरना प्रत्येकी निदान २० सायटेशन असली की एच २०, बास. तुमचा एखादा पेपर दोन हजार वेळा उद्धृत झाला तरी त्यात तो एकच धरणार. डोरा हा संशोधनाच्या मूल्यमापनावरचा जाहीरनामा वाचा, जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून (त्यातल्या पेपरांना सरासरी किती सायटेशन मिळतात त्यावरून) माणूस मोजू नका असं त्यात स्वच्छ लिहिलंय.

आकडेमोड
खोडरबर, डोरा इम्पॅक्ट फॅक्टरबद्दल आहे, ताईंचा प्रश्न एच-इंडेक्सचा. आणि तिला सत्काराचा अंक काढायचाय, क्रांती नाही.

पिवळी_फाईल
अरे देवा. तिसऱ्या नंबरवर ‘झिंक ऑक्साईड नॅनोकण’ आहे आणि पाचव्यावर सांडपाण्यातला रंग काढायची पद्धत!! सरांनी आयुष्यात मोतीबिंदूशिवाय काही काढलं नाही. प्रोफाईल कुणा रेसिडेंटने २०१६ला बनवून दिलेलं.

आकडेमोड
आपोआप अपडेट चालू राहिलंय, कुणीतरी केमिस्ट्रीतले पाटील आत शिरलेत. सरांच्या लॉगिनमधून ते पेपर काढा आणि ती सेटिंग बंद करा. स्कोपसवर उलटं होतं, एकाच माणसाचे दोन आयडी होतात. तिथेही शोधा.

पिवळी_फाईल
हो, सापडला! जुन्या कॉलेजच्या नावावर दुसरा आयडी, २१ पेपर, एच ६. मग १९+६=२५ लिहू?

कट्ट्यावरचा_डॉक्टर
नाही हो! एच-इंडेक्सची बेरीज होत नाही. दोन्ही आयडी निवडून एकत्र सायटेशन ओव्हरव्ह्यू काढा. तिथेच स्वतःची सायटेशनं वगळायचाही पर्याय आहे, तोही आकडा बघून ठेवा, सत्काराला कुणीतरी खवचट विचारतंच.

संत्रा_बर्फी
एनएमसीच्या (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या) नियमातल्या प्रमोशनला एच-इंडेक्स लागत नाही, जर्नल इंडेक्स्ड (मान्य डेटाबेसच्या यादीत) आहे का ते बघतात. माझं असोसिएट प्रोफेसरचं याच गोंधळात वर्षभर अडकलेलं, सविस्तर लिहू का?

जुना_खोडरबर
सर रिटायर होतायत, प्रमोशन कुठून आलं?

मामांचा_भाचा
अवांतर: मामांना दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. सरांची ओपीडी कुठल्या वारी असते?

लायडनचा_बाळू
नकाशाचं सांगतो. सर ग्लोबल बर्डन ऑफ डिसीजच्या (जगभरच्या आजारांचा हिशेब मांडणाऱ्या प्रकल्पाच्या) पेपरांत आहेत का? एकेका पेपरला शेकड्यांनी लेखक. व्हीओएसव्ह्यूअर २५ पेक्षा जास्त लेखकांचे पेपर मुळातच बाजूला ठेवतं, ती टिक तुम्ही काढली ना?

पिवळी_फाईल
काढली. सगळे दिसावेत म्हणून. आणि हो, लॅन्सेट जर्नलमधले असे तीन पेपर आहेत, मला वाटलं हे सांगायची काय गरज.

लायडनचा_बाळू
तिथेच घोळ. ज्यांना सर कधी भेटलेही नसतील ते सगळे एकमेकांना बांधले गेलेत. टिक परत लावा, नाहीतर फ्रॅक्शनल काउंटिंग घ्या, म्हणजे मोठ्या पेपरातली एकेक रेघ हलकी होते. शिवाय पाटील एस, पाटील एस. बी., असे जे अवतार असतील ते थिसॉरस फाईलमध्ये (कुठलं नाव कुठल्या नावाऐवजी धरायचं त्याची यादी) एका नावाखाली आणा, नाहीतर सर स्वतःचेच सहलेखक दिसतील.

आकडेमोड
आणि पबमेडचे (वैद्यकीय पेपरांच्या डेटाबेसमधले) नंबर अमेरिकेच्या एनआयएच या आरोग्यसंस्थेच्या आयसाईट साइटवर टाका, फुकट आहे. आरसीआर हा आकडा मिळतो, म्हणजे पेपरची तुलना त्याच्याच विषयातल्या पेपरांशी. नेत्रवाल्यांचं कॅन्सरवाल्यांशी मोजमाप करण्यात काय हशील?

पिवळी_फाईल
झालं. स्कोपस एकत्र २०, स्कॉलर साफ करून २४, दोन्ही छापते, कुठून आणि कुठल्या तारखेला घेतले ते खाली टाकून. आरसीआर राहू दे, समितीला समजावताना माझीच रिटायरमेंट येईल. नकाशा मात्र मस्त आलाय, आणि त्यात सरांपासून सगळ्यात जाड रेघ लॅन्सेटवाल्यांकडे जातच नाही, आमच्याच पीएसएममधल्या (सामाजिक वैद्यक विभागातल्या) स्टॅटिस्टिक्सच्या मॅडमकडे जाते, ३४ पेपर दोघांचे! निमंत्रणाच्या यादीत त्यांचं नावच नाही. आत्ता फोन लावते.

मामांचा_भाचा
ताई, ओपीडीचं राहिलं.