तबेल्यातल्या घोडीला गवत भिजवून द्यायचंय, तुम्ही नेमकं कसं करता?

काळीघोडी_७
नमस्कार मंडळी. माझी घोडी 14 वर्षांची आहे, दिवसातला बराच वेळ तबेल्यातच असते. गेले दोन महिने वैरण टाकली की लगेच ढासते, आणि सकाळी बाहेर काढून चालवायला लागलं की पहिल्या पाच मिनिटांत चार-पाच वेळा खोकते. डॉक्टर बघून गेले, फुफ्फुसं तपासली, म्हणाले गवतातल्या धुळीचा आणि बुरशीचा त्रास आहे, आजपासून सुकं गवत बंद, भिजवूनच द्या. आता मी काय करते की रात्री जाळी भरून टबात टाकते आणि सकाळी काढते. पाणी चहासारखं लालसर होतं, वास मारतं, घोडी दोन घास खाऊन तोंड फिरवते, आणि ती ओली जाळी उचलून गव्हाणीपर्यंत नेईस्तोवर माझी कंबर जाते. पाणी ओतायचं कुठे हाही प्रश्नच आहे. रोज दोन वेळा हे कसं जमवता तुम्ही लोक? कृपा करून अनुभव सांगा, घोडीला दम लागलेला बघवत नाही.

खरारा
ताई, आधी रात्रभर भिजवणं थांबवा. धुळीसाठी एवढ्या वेळाची काही गरज नाही, 10 मिनिटं ते अर्धा तास पुरे. पाण्याने धूळ धुऊन जाते असं नाही, ती ओली होऊन काडीला चिकटते आणि घोडीच्या नाकात उडत नाही, एवढंच काम आहे, आणि ते गवत पूर्ण बुडलं की पटकन होतं. त्यापुढे जितका वेळ ठेवाल तितकी साखर आणि क्षार पाण्यात उतरतात, म्हणजे चवही जाते आणि पोषणही, वर त्या गोड पाण्यात जंतू वाढायला लागतात. तुम्हाला जो वास येतोय तो त्याचाच. उन्हाळ्यात तर अजून लवकर आंबतं. घोडी तोंड फिरवते ते बरोबरच करते हो, आंबलेलं गवत आपण तिला द्यायलाच नको.
आणि वरून नुसतं पाणी शिंपडून भागवू नका, पेंडीच्या आतलं कोरडंच राहतं. पेंडी हाताने मोकळी करून मगच जाळीत भरा, दाबून भरलेली जाळी मध्ये सुकी राहते. गवत तरंगतं म्हणून वर एखादा जड दगड ठेवा.
एक मात्र लक्षात असू द्या, ज्या गवताला कुबट वास आहे किंवा पांढरी-काळी बुरशी दिसतेय ते भिजवूनही द्यायचं नाही. ते टाकूनच द्यायचं.

टापटाप
कंबरेचं सांगतो कारण माझीही गेली होती. भिजलेलं गवत दुप्पट-अडीचपट जड होतं, म्हणजे 5 किलोची जाळी पाण्यातून काढताना 10-12 किलोच्या वर जाते आणि गळणारं पाणी वेगळं. म्हणून ओली जाळी उचलायचीच नाही असा हिशेब ठेवा. मी एक मोठा प्लास्टिकचा ड्रम घेतला, तळाशी भोक पाडून बूच बसवलं आणि ड्रम विटांवर उंच ठेवला. सुकी जाळी आत टाकायची, वरून पाइप सोडायचा, अर्ध्या तासाने बूच काढायचं, पाणी आपोआप निघून जातं. मग 10-15 मिनिटं तशीच निथळू द्यायची, बरंच वजन तिथेच कमी होतं. वरच्या वाशाला कप्पी लावून दोरीने ओढलीत तर अजूनच सोपं, आणि खाली चाकाची गाडी तयार ठेवायची.
पाणी दर वेळी नवीन घ्या, तेच पाणी संध्याकाळी परत वापरायचं नाही. आणि ते पाणी ओढ्यात, तळ्यात किंवा पावसाच्या गटारात सोडू नका, त्यातली साखर कुजताना पाण्यातला प्राणवायू खाते आणि मासे मरतात. जमिनीवर पसरून टाका, रोज जागा बदलून.

पागेतली_माणसं
वरच्या दोघांचं पटतंय, पण रात्रभर किंवा तासन् तास भिजवायचं जे ऐकायला येतं ते वेगळ्या दुखण्यासाठी असतं म्हणून लिहिते. माझा घोडा जाड आहे, त्याला लॅमिनायटिस (खुराच्या आतली दुखरी सूज) होऊन गेलाय, पुढचे दोन्ही खूर गरम व्हायचे आणि तो मागच्या पायांवर भार टाकून उभा राहायचा, ते दिवस आठवले तरी अंगावर काटा येतो. त्याच्यासाठी गवतातली साखर कमी करायची म्हणून आम्ही तासभर तरी भिजवतो, थंडीत त्याहून जास्त. पण किती साखर निघेल याचा भरवसा नाही, एका गवतातून बरीच जाते, दुसऱ्यातून थोडीच, त्यामुळे गवत तपासून घेतल्याशिवाय भिजवलं म्हणजे झालं असं समजू नये. क्षारही निघून जातात म्हणून डॉक्टरांना विचारून मिनरल मिक्स्चर चालू ठेवलंय.
आणि वजन नेहमी सुक्याचं करा!! ओलं तोलून दिलंत तर जनावर उपाशी राहील. दिवसाला अंगाच्या वजनाच्या दीड ते दोन टक्के सुका चारा धरला तर 400 किलोच्या घोड्याला 6 ते 8 किलो होतो.

काळीघोडी_७
सगळ्यांचे मनापासून आभार. नऊ दिवस झाले, 20 मिनिटं भिजवते, निथळवते आणि लगेच देते. पहिल्या दिवशी तिने नुसतं हुंगलं, तिसऱ्या दिवसापासून गव्हाण चाटूनपुसून साफ. खोकला कमी झालाय, पण रात्री अजून ढासते. वाफ दिली तर जास्त फायदा होईल का? किटलीने देता येईल?

खरारा
वाफ चांगली, पण गवत आतपर्यंत उकळत्या पाण्याइतकं तापलं तरच बुरशी आणि जंतू मरतात. त्यासाठीची खास पेटी असते. किटलीने गवत नुसतं कोमट-ओलं होतं आणि जंतूंना उलट तेच हवं असतं, त्यापेक्षा साधं भिजवणं बरं.
रात्रीच्या ढासेचं म्हणाल तर उरलेलं गवत बघा. रात्री ती खाता खाता वाळतं आणि वाळलं की धूळ परत उडायला लागते. रात्रीचं गवत दोन वेळा विभागून द्या, सकाळी उष्टं काढून गव्हाण धुवा. जाळी उंच टांगू नका, मान खाली घालून खाल्लं की नाकातला कफ बाहेर निघतो. शेजारच्या ठाणात सुकं गवत टाकतात का? आणि खाली पेंढा आहे का?

काळीघोडी_७
शेजारच्या घोड्याला सुकंच देतात, मधली भिंत छातीपर्यंतच आहे. खाली पेंढाच आहे, आणि झाडताना मी तिला आतच ठेवत होते. काल संध्याकाळी दाराच्या फटीतून ऊन येत होतं तेव्हा शेजारी गवत झटकताना बघितलं, सगळी धूळ उन्हात तरंगत सरळ तिच्या तोंडाकडे येत होती. शेजाऱ्यांशी बोललेय, ते उद्यापासून त्यांचंही भिजवायला तयार आहेत. झाडताना तिला बाहेर बांधीन आणि पेंढ्याच्या जागी रबरी मॅट बघते. @टापटाप दादा, ड्रमचं भोक किती मोठं पाडलंत?

टापटाप
अंगठा जाईल एवढं. आतून जाळीचा तुकडा लावा, नाहीतर काड्या अडकून तुंबतं.